मामाची गाडी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबलंय, कापायचंच असेल तर समुद्राचं कापा पण नंबर प्लेटचं ठेवा ही विनंती.

आम्ही नाशिकची माणसं, पावसाळ्यात गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघायला जायचं, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत कोकण करायचं ठरलं तेव्हा पोरांपेक्षा आईच जास्त खूश, तिला दिवेआगर आणि गणपतीपुळे दोन्ही गणपती एकाच फेरीत हवे होते. घरच्या गाडीत पाच माणसं आणि एवढ्या बॅगा मावेनात म्हणून ओळखीतून एक सेव्हन सीटर भाड्याने घेतली, सेल्फ ड्राइव्ह, दिवसाला ३००० आणि डिपॉझिट १०,०००. किल्ली हातात देताना मालक हळूच म्हणाला, "दादा, रस्त्यात कोणी विचारलंच तर मामाची गाडी आहे सांगायचं." मी हसलो आणि निघालो. तिथेच चुकलं.

ट्रिप मात्र झकास झाली हे आधी सांगतो. घोटीला चहा घेतला, इगतपुरीला समृद्धीवर चढलो, तो जवळपास ८ किमीचा बोगदा पोरांनी श्वास रोखून पार करायचा ठरवला आणि अर्थात कोणालाच जमलं नाही. भिवंडीजवळ आमणेला उतरून पनवेल, पेण, अलिबाग करत मुरूड. तिथून पुढे खरी मजा कारण रस्ता खाडीपाशी येऊन चक्क संपतो आणि गाडी बोटीत घालावी लागते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी केल्या. बागमांडल्याला ओहोटी होती, जेट्टीचा उतार शेवाळाने हिरवागार, बोटीचा पत्रा खाली लागलेला आणि तो पोरगा हात हलवत "या, या, अजून या, सोडा ब्रेक" म्हणतोय. गाडी आपली नाही ह्या विचारानेच माझा पाय क्लचवर थरथरत होता, बंपर घासला तर काय ह्यापलीकडे डोक्यात काही नाही, बायको म्हणाली समोर बघ खाडी किती छान दिसतेय. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा समुद्राला चिकटून असलेला रस्ता तेवढा तिने मला मान वर करून बघायला लावला. एका बीचवर एकाची एसयूव्ही चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतलेली, भरती चढत होती आणि गावातली पोरं दोर लावून ओढत होती. ओली वाळू वरून डांबरासारखी टणक दिसते, आत काही नसतं. आम्ही गाडी वाळूत घातली नाही, अगदी शपथेवर सांगतो.

आता मुद्द्याचं. जाताना एका नाक्यावर पोलिसाने हात दाखवला. "गाडी कोणाची?" मी म्हणालो मामाची. "मामाचं नाव काय?" आता आरसी बुकवर नाव काय आहे ते मी बघितलेलंच नाही, मागे आई बसलेली, म्हणजे ज्याला मी मामा म्हणतोय तो तिचा सख्खा भाऊ व्हायला पाहिजे, तर ती खिडकीबाहेर बघायला लागली. पोलीस हसला, म्हणाला "सकाळपासून तुम्ही तिसरे भाचे." आणि सोडलं. पण चाळिशीचा माणूस पोरांसमोर खोटं बोलताना पकडला गेला, मान खाली गेली हो.

परत आल्यावर मालकाने मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मागच्या डाव्या दारावर ओरखडा, ४०००. पायपुसणीत वाळू म्हणजे गाडी समुद्रात घातली, तळ गंजणार, २५००. वाळू पोरांच्या चपलांची होती पण ऐकतो कोण. ओरखड्याचे ४००० सुटले ते आईमुळे, पहिल्याच दिवशी घोटीला चहाचा कप धरून तिने गाडीला टेकून फोटो काढून घेतला होता आणि तिच्या पदराच्या बाजूला तोच ओरखडा ठळक दिसत होता. वाळूचे २५०० गेले ते गेलेच.

मग आरटीओची कामं करणाऱ्या एका मित्राने सांगितलं ते ऐकून २५०० ची हळहळ गेली आणि घामच फुटला. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं लागतात, टॅक्सीला पिवळी प्लेट आणि काळी अक्षरं, पांढरी म्हणजे खासगी, आणि आमच्या गाडीला पांढरीच होती. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर चालणार नाही असं छापलेलंच असतं. म्हणजे त्या जेट्टीवरून गाडी खाडीत गेली असती तर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते, आणि मामा तर काय मामाच.

पण नुसत्या त्या मालकाला शिव्या देऊन उपयोग नाही. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत लायसन्ससाठी किमान ५० गाड्या लागतात. ज्याच्याकडे तीन-चार गाड्या आहेत, ज्यांचे हप्ते डोक्यावर आहेत, त्याने ५० आणायच्या कुठून? म्हणून सगळा धंदा 'मामा'वर चाललाय. सिंहस्थ तोंडावर आलाय, २०२७ ला बाहेरून किती लोक येतील आणि त्यातले किती अशा गाड्या घेऊन त्र्यंबक, वणी, शिर्डी करतील. पेठ रोडच्या आरटीओने आत्तापासून ह्या गाड्या तपासाव्यात, आणि सरकारने छोट्या मालकांना झेपेल अशी लायसन्सची अट करावी, दोन्ही एकदम, नाहीतर नुसत्या धाडी पडतील आणि भाडं वाढेल बाकी काही नाही.

परवा त्याच मालकाचा मेसेज आला, उन्हाळी सुट्टीचं बुकिंग आत्ताच करा, जुन्या कस्टमरला डिस्काउंट. डीपीला तीच गाडी, पांढरी प्लेट चकचकीत पुसलेली. आईने बघितलं आणि म्हणाली, "भावाला सांग, माझे अडीच हजार राहिलेत."

आपला नेहमीचा वाचक,
इंदिरानगर, नाशिक