भट्टी विझलेल्या बोटीची गोष्ट सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "काका, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, म्हणजे मधेच तोडता येणार नाही.

मुलाकडे परदेशात आलेल्या म्हाताऱ्याला मॉल दाखवतात, धबधबा दाखवतात. तुम्ही मला बॉयलर दाखवलात. कॅनडातल्या व्हाइटहॉर्सला युकॉन नदीच्या काठावर एसएस क्लोंडाइक ही मागे चाक असलेली जुनी बोट जपून ठेवली आहे. सगळे वर केबिनी बघायला गेले आणि मी खाली भट्टीच्या तोंडाशी रेंगाळलो. साखर कारखान्यात उभी हयात बॉयलरपुढे गेली, दुसरं काय होणार! तुम्ही मागे थांबलात आणि म्हणालात, "काका, याच नदीवरची एक छोटी बोट भट्टी विझल्यामुळं बुडाली. सांगू?"

ती ए. जे. गोडार्ड. लाकडी नव्हे, धातूच्या पत्र्याची. क्लोंडाइकच्या सोन्यासाठी माणसं वेड्यासारखी उत्तरेला धावत होती, त्या काळातली. सॅन फ्रान्सिस्कोत सुटे भाग तयार करून ते जहाजानं अलास्कात उतरवले, डोंगराची खिंड ओलांडून बेनेट तळ्यावर नेले आणि तिथं जोडले. जून १८९८मध्ये ती सोन्याच्या भागातल्या डॉसन गावी पोचली. मालक अल्बर्ट गोडार्ड, आणि त्यांची बायको क्लारा स्वतः बोट हाकायची. ते ऐकून आमच्या सौभाग्यवती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ते तुम्ही पाहिलंतच.

मग तुम्ही आम्हाला गाडीत घालून लबार्ज तळ्यावर नेलंत. तळं म्हणजे नदीच फुगून झालेली, पन्नासेक किलोमीटर लांब. दोन्ही अंगांना डोंगर, त्यामुळं वारा नळीतून आल्यासारखा सरळ येतो. ऑक्टोबर १९०१मध्ये गोडार्ड मागे बार्ज, म्हणजे ओढून न्यायची मालाची नाव, बांधून निघाली होती आणि इथंच वादळात सापडली. बोटीवर पाच जण होते. तिघे गेले. दोघं चालकाची केबिन तुटून तरंगत होती तिला धरून राहिले, आणि काठावर राहणाऱ्या, सापळे लावून जनावरं धरणाऱ्या एका माणसानं त्यांना बाहेर काढलं.

इथवरची गोष्ट कुणीही सांगितली असती. मी विचारलं की भट्टी नेमकी विझली कशी, आणि तुम्ही "लाट आली असेल" म्हणून मला वाटेला लावलं नाहीत, याचे आभार मोठे आहेत. घरी बसून, पाण्यात उतरून ती बोट पाहणाऱ्यांच्या अहवालाची पानं काढलीत आणि वाक्य वाक्य मराठीत सांगत गेलात. माझं इंग्रजी गेज आणि व्हॉल्व्हपुरतं. तरी एकदाही कंटाळा दाखवला नाहीत.

डग डेव्हिज आणि जॉन पोलॅक यांच्या पथकाला २००८ साली ती सापडली, आणि पुढच्या वर्षी तिची नीट पाहणी झाली. थंडगार पाण्यात सगळं जागच्या जागी. डेकवर कुऱ्हाड पडलेली, बहुधा बार्जचा दोर तोडायला उचललेली. पोहायला सोपं जावं म्हणून काढून टाकलेले बूट. चक्क ग्रामोफोन आणि तबकड्या. तो फोटो सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. मी मात्र पुढचाच फोटो धरून बसलो: भट्टीचं दार उघडं आणि आत लाकडं.

दार उघडं म्हणजे फायरमन शेवटपर्यंत भट्टीपुढं होता, किंवा कुणीतरी होतं. आमच्याकडं ओला बगॅस, म्हणजे जाळायचं उसाचं चिपाड, आला की स्टीम डाऊन होते, मिल थांबते, वरून फोन खणखणतो, एवढंच. चाकाच्या बोटीत बॉयलर पुढच्या अंगाला, डेकवरच असतो आणि डेक पाण्यापासून जेमतेम वर. नदीत ते चालतं. तळ्यावर लाट समोरून चढली की थेट भट्टीत. विस्तव गेला की प्रेशर उतरतं आणि मागचं चाक थांबतं. चाक थांबलं की सुकाणूला काही अर्थ राहत नाही, बोट लाटेला आडवी होते. भिजलेल्या जाळीवर ओली लाकडं घालून पुन्हा स्टीम उठवायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या माणसाकडं नव्हता. तरी त्यानं लाकडं घातली. मीही तेच केलं असतं. बॉयलरवाल्याला दुसरं काही सुचत नाही.

हे मी तुमच्यासमोर बोललो तेव्हा तुम्ही वहीत लिहून घेतलंत. आमच्या धंद्यातलं माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं मला तरी आठवत नाही. सुपरवायझर लिहायचे ते मेमो.

एक काम मात्र अजून बाकी आहे. त्या बॉयलरला पाणी इंजेक्टरनं, म्हणजे वाफेच्याच जोरानं, जात होतं की पंपानं, हे मला कळलेलं नाही. पाहणी केलेल्यांपैकी कुणी भेटलं तर माझ्या नावानं विचारा. गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काचनळी, शाबूत सापडली का, तेही विचारा. उत्तर आलं की फोन करा, रात्री-अपरात्री केलात तरी चालेल. कारखान्यात तिन्ही शिफ्ट केल्यात, झोपेचं काही नाही.

चकल्या आणि गोडा मसाला मुलाबरोबर पाठवला आहे. मसाला तिखट आहे, जपून घाला.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
बॉयलरवाले काका