बेटावरची पक्षिगणना ही सुट्टी नव्हे

मा. संपादक,
स. न.

दूरच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांसाठी स्वयंसेवक म्हणून जाण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लिहिलाय मनापासून, पण वाचणाऱ्याला ती साहसी सुट्टी वाटेल. अशा एका बेटावर मी एक हंगाम काढला आहे, म्हणून हे पत्र.

तिथे दिवस जातो तो मोजण्यात. काही समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळात अंडी घालतात; त्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, पक्षी आहे की अंडे ते चाचपायचे, वहीत लिहायचे, की पुढचे बीळ. काही नसेल तर ‘रिकामे’ असे लिहायचेच. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि चुकाही तेव्हाच होतात.

एका नोंदीचे मोल काय, ते पाहा. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली पक्षितज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी लायसन अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या एका मादीच्या पायात क्रमांक असलेली कडी घातली. कडी झिजते, म्हणून काही वर्षांनी बदलावी लागते. बदलताना जुना क्रमांक नव्याशेजारी लिहायचा असतो. २००२ मध्ये तीच मादी रॉबिन्स यांच्या हाती पुन्हा आली आणि क्रमांकांचा माग काढत नोंदी थेट १९५६ पर्यंत पोचल्या. ‘विस्डम’ नावाने आज जग तिला ओळखते. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडे घातले, तेव्हा तिची सत्तरी केव्हाच उलटली होती. मधल्या काळात कुणी एकानेही जुना क्रमांक लिहायचा आळस केला असता, तर तिचे वय कुणाला कळले नसते.

सामानाच्या तपासणीचा लेखात उल्लेखच नाही. बोटीवर चढण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतले आणि जॅकेटच्या वेल्क्रोतले गवताचे बी मी दोन तास चिमट्याने वेचत होते. तेव्हा जाच वाटला. पुढे दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटाविषयी वाचले. जहाजांतून नकळत उतरलेले उंदीर तिथे अल्बट्रॉसची पिल्ले जिवंत कुरतडतात, आणि त्यांचा नायनाट करण्याची २०२१ ची मोठी मोहीमही फसली. एकदा शिरलेला जीव बाहेर काढणे किती अवघड असते, हे तेव्हा उमगले.

अर्ज कुठे करायचा हे आपण छापलेत. किमान किती आठवडे राहावे लागते, तेही कृपया छापावे. दहा दिवसांसाठी आलेला माणूस काम शिकेपर्यंत परतीची बोट येते, आणि त्याला शिकवणाऱ्याची बिळे तेवढी मोजायची राहून जातात.

आपली,
एक वाचक