जॉइंट 7 आणि जॉइंट 11 साठी एकाच वेल्डची फिल्म

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि गुणवत्ता विभागप्रमुख

विषय: अणुवीज प्रकल्पाच्या जड पाणी शुद्धीकरण स्किडसाठी (एका चौकटीवर बसवलेल्या यंत्रणेसाठी) पुरवलेल्या पाइप स्पूलचं, म्हणजे आधीच वेल्ड करून आणलेल्या पाइपांच्या तुकड्यांचं, सदोष वेल्डिंग आणि रेडिओग्राफीच्या (वेल्डच्या आतलं दाखवणाऱ्या एक्स-रेसारख्या) खोट्या फिल्म

आज दुपारी तुमच्या सेवा विभागाशी माझं सहावं बोलणं झालं. सातवं होणार नाही, म्हणून हे पत्र.

304एल स्टेनलेस स्टील म्हणजे काय, टिग वेल्डिंगचा रूट, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर, कसा मारतात, तो काळा पडू नये म्हणून आतून आर्गॉन वायू का सोडतात, हे तुम्हाला शिकवायला मी बसलेलो नाही. ते तुमचंच काम आहे. म्हणूनच आम्ही ते स्पूल स्वतः न बनवता तुमच्याकडून घेतले. आमचं वर्कशॉप लहान, तुमचं नाव मोठं. त्या नावाचे पैसे आम्ही मोजले.

माल आला, सोबत जाडजूड फाइल आली. प्रकल्पाच्या निरीक्षकांनी जॉइंट 7 आणि जॉइंट 11 च्या फिल्म व्ह्यूअरवर शेजारी शेजारी लावल्या आणि मला बोलावलं. दोन्हींत शून्याच्या खुणेपासून उजवीकडे 40 मिलिमीटरवर वेल्डमध्ये अडकलेल्या टंगस्टनचा तोच पांढरा ठिपका. त्याच्या खाली ग्राइंडरचा तोच तिरका ओरखडा. फिल्मवर जॉइंटचा नंबर उमटवणारे शिशाचे आकडे तेवढे बदललेले. चांगला निघालेला एक जॉइंट दोनदा शूट करून दोन नंबरांनी आमच्या गळ्यात मारला होता. फाइलवर तुमच्या अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे.

मग 11 नंबरचं खरं शूटिंग करून घेतलं. रूटला 18 मिलिमीटरची सरळ काळी रेघ. लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे धातू एकजीव झालेलाच नाही. जॉइंट कापला तर आतली बाजू काळी पडून दाणेदार फुललेली. तिथे आर्गॉन सोडून पर्जिंग झालेलंच नाही. दोन पासांमधल्या, म्हणजे वेल्डच्या दोन थरांमधल्या, तापमानाच्या नोंदी पाहिल्या. 22 जॉइंट, सगळ्या पासांना 148 अंश, एकाच पेनाने, एकाच हाताने. मी अकरा वर्षं स्वतः टॉर्च धरलाय. सकाळच्या पहिल्या जॉइंटला आणि मे महिन्यात दुपारी तीनच्या जॉइंटला एकच आकडा कधीच येत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हे सगळं तुमच्या सेवा विभागाच्या साहेबांना सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हायड्रो टेस्टला एक थेंब तरी गळला का?" मी म्हटलं, नाही. "मग तक्रार कसली?" मी म्हटलं, साहेब, रूट जुळलेला नसला तरी वरचा थर, कॅप, चाचणीत तासभर पाण्याचा दाब धरतो. प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. त्यावर ते म्हणाले, "अहो काका, हा स्पूल काय रिअॅक्टरच्या पोटात जाणार आहे? पाणीच तर वाहणार त्यातून." पाणीच! अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं मंदकाचं जड पाणी, किरणोत्सारी ट्रिटियम असलेलं. मी हे सांगत होतो तेव्हा ते शेजारी कुणाशी तरी जेवणाच्या डब्याबद्दल बोलत होते. मला स्वच्छ ऐकू आलं. शेवटी म्हणाले, "एवढं बारीक बघत बसलात तर धंदा कसा करणार? ग्राइंडर मारा, आम्लाने पिकलिंग करून घ्या, चकाचक दिसेल." आणि फोन ठेवला.

आतल्या बाजूचा दोष बाहेरून ग्राइंडर मारून जातो, असं तुमच्या कंपनीचा माणूस मला सांगतो.

हे पाइप बसले आणि प्रकल्प सुरू झाला की तिथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. गळती निघाली तर दुरुस्तीला जाणारा वेल्डर किरणोत्साराचा डोस घेतो. आपल्याकडे वर्षाला 30 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि तो त्या माणसाच्या अंगावर जमा होत जातो. मी बोईसरचा. इथे जवळ तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते आणि आत कामाला जाणारी माणसं आमच्या आजूबाजूच्या गावांतली आहेत. तुमच्या साहेबांना जे "पाणीच" वाटतं, ते श्वासातून त्यांच्या अंगात जाईल.

फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलच्या अणुवीज प्रकल्पात मुख्य वाफेच्या पाइपांवरचे आठ वेल्ड ठरलेल्या दर्जाचे नव्हते. ते अणुभट्टीभोवतीच्या कंटेनमेंटच्या दोन भिंतींच्या मधे, अडचणीत होते, तरी 2019 मध्ये तिथल्या नियामकाने ते दुरुस्त करायलाच लावले. वाट बघू, पुढे पाहू, हे त्याने मान्य केलं नाही. खर्चाचा अंदाज दीड अब्ज युरोंनी वाढला आणि वीज ग्रिडला जोडायला डिसेंबर 2024 उजाडला. हे तुमच्या गुणवत्ता विभागाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

मी वेल्डिंग शिकलो तेव्हा आमच्या उस्तादांनी भिंतीवर तुमच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं होतं. आमचा जॉइंट कापून, पॉलिश करून ते म्हणायचे, त्या कंपनीत हा पास झाला असता का ते सांग. म्हणून त्या खोट्या फिल्मवरची सही मला जास्त लागली. दोष कुणाच्याही हातून राहतो, माझ्याही राहिला आहे. पण एकाच वेल्डची फिल्म दोन नंबरांनी लावणं ही चूक नाही. कुणीतरी उठून, शिशाचे आकडे बदलून, ठरवून केलेलं ते काम आहे.

सगळे 22 जॉइंट प्रकल्पाच्या निरीक्षकांसमोर तुमच्या खर्चाने पुन्हा शूट करा. नापास होतील ते स्पूल बदलून द्या, दुरुस्ती मला नको. आणि त्या फिल्म कुणी, कुठे, कधी काढल्या ते लेखी कळवा. मुदत 15 दिवस. त्यानंतर ही फाइल अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जाईल आणि उरलेलं बिल अडवलं जाईल. याच फिल्म तुम्ही आणखी कुठल्या प्रकल्पाला लावल्या आहेत, हा प्रश्नही मी तिथे विचारणार आहे.

प्रकल्पाला मी सगळं लेखी कळवलं आहे. माझी ऑर्डर त्यात जाऊ शकते, हे समजून कळवलं आहे.

कापलेला जॉइंट 11 माझ्याकडे आहे. दोन तुकडे, टॅग लावून कपाटात ठेवलेत. फोनवरच्या साहेबांना घेऊन बोईसरला या आणि रूट डोळ्यांनी बघा.

आपला ग्राहक,
फॅब्रिकेशन वर्कशॉपचा मालक,
बोईसर