यंदा काय आवडलं आणि काय अर्ध्यातच राहिलं

३१ डिसेंबर २०२३

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस की वर्षभरात काय काय चांगलं बघितलंस, आणि मी घाईत चार नावं सांगून फोन ठेवला. पण मग रात्रभर तेच डोक्यात, की अरे हे राहिलं, ते का आवडलं ते तर सांगितलंच नाही. म्हणून लिहायला बसलोय, लांबेल बहुतेक, सवडीने वाच.

सगळ्यात आवडलेले पिक्चर दोन, आणि मला त्यांना वेगळं करताच येत नाहीये. एक सेलीन साँगचा 'पास्ट लाइव्ह्ज' आणि दुसरा अविनाश अरुणचा 'थ्री ऑफ अस'. एक सोल आणि न्यूयॉर्कमध्ये घडतो, दुसरा कोकणात, आणि तरी गोष्टीचा सांगाडा बघ ना, एका बाईला लहानपणी सुटलेला मित्र कित्येक वर्षांनी भेटतो, तिचं लग्न झालंय, आणि नवरा तिथेच आहे, सगळं बघतोय. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर भांडण, संशय, आरडाओरडा झाला असता. इथे दोन्हीकडे नवरा वाईट नाहीये रे. त्याला दुखतंय, पण तो तिला जाऊ देतो, जे काही तिचं राहिलंय ते बघून येऊ देतो. 'थ्री ऑफ अस'मध्ये शेफाली शाहच्या शैलजाला स्मृतिभ्रंश सुरू झालाय आणि सगळं पुसलं जायच्या आत तिला ते जुनं गाव, ती शाळा परत बघायचीय, आणि स्वानंद किरकिरेंनी केलेला तो नवरा तिच्या मागे मागे चालत असतो ना, तेव्हा मला शैलजापेक्षा त्याच्यासाठीच जास्त भरून आलं. जयदीप अहलावत तर काय सांगू, बँकेत मॅनेजर, कविता करतो, भरतकाम करतो, आणि हे सगळं इतकं साधेपणाने की एकदाही खोटं वाटत नाही.

'पास्ट लाइव्ह्ज'चा शेवट सांगतोय, बघितला नसशील तर पुढची चार वाक्यं सोड. ते दोघं रात्री रस्त्यावर गाडीची वाट बघत नुसते उभे राहतात. बोलणं जवळपास नाहीच. गाडी येते, तो जातो, ती चालत घरापाशी येते आणि नवऱ्याच्या कुशीत रडते. बाराव्या वर्षी निरोप घेताना जे रडायचं राहिलं होतं ते आत्ता, चोवीस वर्षांनी.

मला तेव्हा तू आठवलास, तुमची बदली झाली तो दिवस आठवला, आपण धड बाय पण केलं नव्हतं.

सिरीजमध्ये 'सक्सेशन'. यंदा मे महिन्यात संपली, चौथ्या सीझनला, ती पण चांगली चालू असताना. तिसऱ्या एपिसोडमध्ये बाप विमानात मरतो आणि पोरं फोनवरून त्याच्याशी बोलत राहतात, तो ऐकतोय की नाही तेही माहीत नाही, आणि ज्याने आयुष्यभर यांना छळलं त्याला आय लव्ह यू म्हणू की नको हेच त्यांना कळत नाही. मी त्या रात्री पुढचा एपिसोड लावू शकलो नाही. 'ओपनहायमर'बद्दल तू मागेच भरपूर ऐकलंयस माझ्याकडून, स्फोटाच्या वेळची ती शांतता, बास, परत नाही लिहित.

आता निराशा. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा स्पायडरमॅनचा अ‍ॅनिमेशन पिक्चर बघताना मी अक्षरशः खुर्चीच्या कडेला बसलो होतो, प्रत्येक जगाचं ड्रॉइंग वेगळं, रंग वेगळे, हिरोची मैत्रीण ग्वेन, तिच्या जगात तर तिच्या मूडप्रमाणे भिंती वितळतात, आणि दोन तास वीस मिनिटांनी ऐन रंगात आल्यावर 'क्रमशः'! आधी या पिक्चरच्या नावात पार्ट वन होतं, ते नंतर काढलं. का काढलं? मला निदान माहीत तरी असतं. 'फास्ट एक्स'चं तेच, 'मिशन इम्पॉसिबल'चं तेच, मे ते जुलै तीन महिन्यांत तीन मोठे पिक्चर अर्धे. आणि स्पायडर-व्हर्सचा पुढचा भाग मार्च २०२४ ला येणार होता तो पण पुढे ढकलला, तेव्हा नवी तारीखही दिली नाही.

'ड्यून'चा दुसरा भाग नोव्हेंबरवरून मार्चला गेला तेव्हा मात्र मी चिडलो नाही. कारण हॉलिवूडमध्ये संप होता. लेखकांचा संप २ मे पासून १४८ दिवस चालला, नटांचा जुलैपासून ११८ दिवस, दोघं एकाच वेळी संपावर असं १९६० नंतर पहिल्यांदाच झालं. आपण एखादी सिरीज पाच वेळा बघतो आणि ती लिहिणाऱ्याच्या हातात त्याचे अगदी नगण्य पैसे येतात, वर एआयकडून लिहून घ्यायची भीती, मग भांडायला नको? त्यासाठी मी अजून वर्षभर थांबेन.

पण एका ओटीटीवरची माझी लाडकी सिरीज पहिल्याच सीझननंतर बंद केली त्याचा राग काही जात नाही. मुलगी दार उघडते आणि कट. दाराच्या पलीकडे कोण होतं हे आता कुणीच सांगणार नाही मला.

तू आधी 'थ्री ऑफ अस' बघ, एकटा बघ. आणि संपला की मेसेज नको, फोन कर, कितीही वाजले असू देत.

तुझाच