आरोप काय, ते तरी सांगा

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवते. रँडच्या वधाचा धडा आला की मी फळ्यावर नातू बंधूंचं नाव आवर्जून लिहिते. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि जुलैत सरदार नातू बंधूंना उचललं. टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला तरी चालला. नातूंना 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली डांबलं. आरोप नाही, साक्षीपुरावा नाही, सुटकेची तारीखही नाही. यंदा एका मुलीने विचारलं, "मग बाई, त्यांनी कोर्टात सांगायचं तरी काय?" तिचा हा प्रश्न पॅलेस्टाइनमधल्या हजारो घरांना आजही पडलेला आहे, म्हणून हे पत्र.

मी तिला डॉ. हुसेन फख्री अल-खालिदींबद्दल सांगितलं. तेव्हा पॅलेस्टाइनवर इंग्रजांचं राज्य होतं. खालिदी बैरूतला शिकलेले डॉक्टर, इंग्रजांच्याच आरोग्य खात्यात नोकरी केलेले. 1934 च्या निवडणुकीनंतर ते जेरुसलेमचे महापौर झाले, तेव्हा त्यांना ज्यू मतदारांचीही मतं मिळाली होती. एवढी एकच गोष्ट मुलांनी लक्षात ठेवली तरी मला पुरे आहे. 1936 च्या एप्रिलमध्ये पॅलेस्टिनी अरब नेत्यांची अरब उच्च समिती स्थापन झाली, तिचेही ते सदस्य होते.

26 सप्टेंबर 1937. नाझरेथमध्ये लुईस अँड्र्यूज हा ब्रिटिश जिल्हा अधिकारी चर्चच्या वाटेवर मारला गेला. समितीने हत्येचा निषेध केला, तरी पाचच दिवसांत, 1 ऑक्टोबरला, समिती बेकायदा ठरली. खालिदी आणि आणखी चौघांना पकडून हैफाहून युद्धनौकेवर चढवलं आणि हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर नेऊन सोडलं. त्याच बेटांवर इंग्रजांनी आधी इजिप्तचे स्वातंत्र्यनेते साद झगलूल यांनाही ठेवलं होतं. नको असलेली माणसं नजरेआड करायची त्यांची ती जागाच होती. अँड्र्यूजच्या खुनाचा आरोप या पाचांपैकी कुणावरही ठेवला गेला नाही. शहराचा निवडून आलेला महापौर बेटावर बसून रोजनिशी लिहीत राहिला आणि इकडे त्याची खुर्ची दुसऱ्याकडे गेली.

सव्वा वर्षाने सुटका झाली, कारण पॅलेस्टाइनच्या भवितव्यावरच्या लंडनच्या परिषदेला बोलायला पॅलेस्टिनी नेते हवे होते. 1939 च्या फेब्रुवारीत खालिदी इंग्रज मंत्र्यांसमोर वाटाघाटींना बसले. जेरुसलेमला घरी जायला मात्र त्यांना मनाई होती. ज्याला घरी पाऊल ठेवू देत नाही, त्याच्याशीच त्याच्या घराच्या भवितव्याची बोलणी करायची! हे वाचताना मला आजही संताप येतो.

इंग्रज गेले, कायदा राहिला. 1945 च्या संरक्षण (आणीबाणी) नियमांत हद्दपारीचं कलम 112 होतं, ते इस्रायलने ठेवून घेतलं. 2 मे 1980 ला इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत, हेब्रॉनमध्ये, सहा ज्यू मारले गेले. लगेच हेब्रॉनचे महापौर फहद कवास्मे आणि हलहुलचे महापौर मुहम्मद मिल्हेम यांना सीमेपार हाकललं. दोघेही 1976 मध्ये निवडून आलेले. पुणे, जेरुसलेम, हेब्रॉन: खून कुणीही करो, उचलायचं ते लोकांच्या माणसांना.

विनाआरोप डांबण्याला आज इस्रायलमध्ये प्रशासकीय स्थानबद्धता म्हणतात. सहा महिन्यांचा हुकूम, मग पुढचे सहा महिने. पुरावा गुप्त, तो कैद्यालाही दिसत नाही, त्याच्या वकिलालाही नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता आपल्याही देशात आहे, आणि म्हणून आपण बोलायचं नाही असं मला वाटत नाही. उलट तिची झळ आपल्याला ठाऊक आहे.

मंत्रिमहोदय, 29 नोव्हेंबर 1947 ला भारताने संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, 1988 मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली. आपली निवेदनं मी वाचते. त्यांत दोन राष्ट्रांचा तोडगा असतो, मदत असते, संयमाचं आवाहन असतं. विनाआरोप डांबलेल्या माणसांसाठी एक स्पष्ट वाक्य मी शोधत असते. पुढच्या वेळी संयुक्त राष्ट्रांत बोलाल तेव्हा एवढंच म्हणा: आरोप ठेवा आणि खटला चालवा, नाहीतर सोडून द्या. ते वाक्य मी फळ्यावर लिहीन, नातू बंधूंच्या नावाखाली.

आपली नम्र,
पुण्यातील एक इतिहास शिक्षिका