सेक्रेटरिएटच्या मुलींचे श्रेय

महोदय,

आपल्या पुरवणीतील लेखात सेक्रेटरिएट या अमेरिकी घोड्याला पैदाशीत अपयशी ठरवले आहे, ते पटले नाही. १९७३ ची बेलमाँट शर्यत त्याने ३१ लेंग्थनी, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने, जिंकली, तेव्हा जॉकी रॉन टरकॉट मान वळवून घड्याळ पाहत होता, कारण मागे पाहण्याजोगा घोडाच उरला नव्हता. असा दुसरा घोडा त्याच्या मुलांमध्ये शोधणे हाच मुळात अन्याय आहे. शिवाय १९८८ ची बेलमाँट जिंकणारा रायझन स्टार त्याचाच मुलगा. खरा वारसा मात्र मुलींकडून चालला: टरलिंग्वाचा स्टॉर्म कॅट आणि वीकेंड सरप्राइजचा ए. पी. इंडी हे दोघे नातू पुढे अव्वल दर्जाचे स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचे घोडे, ठरले, आणि लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही.

— एक वाचक, पुणे