बाण हिरवा होता, आटे गेले

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपुरात मानेवाडा रोडला माझं दुचाकीचं गॅरेज आहे, एकतीस वर्षं झाली. पत्रं लिहायची सवय नाही. हे पत्र बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलं आणि मुलीकडून टाइप करून घेतलं. शुद्धलेखन तिचं, म्हणणं माझं.

मुलीच्या वर्गातली चार पोट्टी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक ॲप बनवून राहिली आहेत. मोबाइलचा कॅमेरा गाडीसमोर धरायचा, की पडद्यावर खऱ्या इंजिनवरच बाण उमटतो आणि सांगतो, हा बोल्ट खोल, इकडे फिरव. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात, थोडक्यात एआर. घरच्या घरी आपली गाडी आपण दुरुस्त करायची, असा बेत. एप्रिल-मेमध्ये दीड महिना ही मंडळी माझ्याकडे येऊन बसत होती. शेजारचा टायरवाला रोज विचारायचा, "भाऊ, तुमच्याच पोटावर पाय देऊन राहिले हे, अन् तुम्ही त्यांना चहा पाजता?" माझं पोट एवढ्याने मरत नाही. चेन ढिली, क्लचची केबल ओढलेली, प्लग काळा, बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी बुरशी, अशी कामं घेऊन सकाळी आठ-दहा जण उभे असतात. प्रत्येकाकडून तीस-चाळीस रुपये मिळतात, आणि तोवर मागे इंजिन खोललेली गाडी तशीच पडून राहते. ही कामं लोकांनी घरी केली तर मला आनंदच आहे. तक्रार वेगळी आहे, आणि ती नुसती या पोट्ट्यांपुरती नाही. असलं ॲप बनवणाऱ्या कोणालाही ती लागू आहे.

आधी काय घडलं ते सांगतो. गाडी माझीच, जुनी शंभर सीसीची. काम सगळ्यात सोपं, ऑइल बदलणं. फोन स्टुलावर टेकवला, तिसऱ्या खेपेला ॲपने इंजिन ओळखलं. सतराचा पाना, खालचा ड्रेन बोल्ट, टबात काळं ऑइल, बोल्ट पुसला, नवीन वायसर टाकला. सगळं ठीक. मग बोल्ट परत लावायची पायरी आली. पडद्यावर हिरवा बाण गोल गोल फिरत होता. पोट्ट्याने पाना टाकला आणि आवळायला लागला. हाताने आपलं सांगून दिलं होतं की बस झालं. पण बाण अजून फिरतच होता, म्हणून तोही फिरवत राहिला. मी सायलेन्सरच्या जाळीत डोकं घालून बसलो होतो. 'कट्' आवाज येईल असं लोकांना वाटतं; तसा आवाज येत नाही. पाना एकदम हलका होतो. तो हलकेपणा ज्याच्या हाताला कळतो त्याच्या पोटात गोळा येतो. बोल्ट लोखंडाचा, क्रँककेस म्हणजे इंजिनाचं खालचं कवच ॲल्युमिनियमचं. आटे क्रँककेसचेच जातात. आमच्या भाषेत चुडी मेली. पोट्ट्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि पडद्यावर आलं, 'शाब्बास! पुढच्या पायरीकडे चला.'

मी चौदा वर्षांचा असताना महालातल्या एका गॅरेजात लागलो. पहिलं वर्षभर नुसते पाने दिले. मग उस्तादांनी माझ्या हातावर आपला हात ठेवून बोल्ट आवळायला शिकवलं. दहाचा बोल्ट असेल तर पाना टोकाला धरूच द्यायचे नाहीत. तोंडाजवळ, दोन बोटं आणि अंगठा, बस. सतराला पूर्ण मूठ, पण कोपर अंगाला चिकटलेलं, म्हणजे खांद्याचा जोर लागत नाही. मागच्या चाकाचा नट मात्र उभं राहून. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, हा शब्द तेव्हा आमच्या गॅरेजात कुणाला माहीत नव्हता. आता हा हातावरचा हात मोबाइलमध्ये कसा टाकायचा, हा खरा प्रश्न आहे. बाण उमटवणं त्या मानाने सोपं काम, असं मला वाटतं. पोट्ट्यांना ते पटलं नाही, कारण त्यांची सहा महिन्यांची मेहनत बाणावरच गेली होती.

उपाय निघाला तो बॅगा मोजायच्या काट्यातून. हूक असलेला छोटा डिजिटल काटा असतो, प्रवासाच्या बॅगा तोलायचा. हिशेब असा. समजा एखाद्या बोल्टाला 24 न्यूटन-मीटर टॉर्क सांगितला आहे. बोल्टाच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर पान्याला हूक अडकवला, तर काट्यावर साधारण 12 किलो येईपर्यंत ओढायचं आणि थांबायचं. ओढ पान्याला काटकोनात हवी, तिरपी ओढली की आकडा खोटा. टॉर्क रेंच, म्हणजे हा जोर मोजणारा पाना, विकत घ्यायला हजारो रुपये घालवायची गरज नाही. एवढं मी सांगितलं. पण त्यांच्यातल्या पोरीने जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. तिने कॅमेऱ्याला काट्यावरचा आकडा वाचायला लावलं. आता आकडा अकराच्या पुढे गेला की बाण पिवळा होतो, बाराला लाल होऊन गायब होतो. पडद्यावर बाणच नाही, मग फिरवणार काय? हे पाहिलं तेव्हा मी पहिल्यांदा मानलं की या खेळण्यात काही दम आहे.

तीच पोरगी सांगत होती की ऑगमेंटेड रिॲलिटी हा शब्द आला विमानाच्या कारखान्यातून. बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या दोघांनी 1992 साली यावर निबंध लिहिला. विमानाच्या वायरींचे जुडगे मोठ्या फळ्यांवर बांधणाऱ्या कामगारांना कोणती वायर कुठून न्यायची ते डोळ्यासमोर दिसावं, एवढ्यासाठी. म्हणजे व्हिडिओ गेमसाठी नव्हे, हात काळे करणाऱ्यांसाठीच हा शब्द निघाला. मला हे ऐकून बरं वाटलं. फक्त त्या कामगाराच्या समोरची फळी रोज तशीच असते, आणि माझ्याकडे येणारी एक गाडी दुसरीसारखी नसते.

याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात आला. ॲपला शिकवलं होतं शोरूममधल्या चकचकीत गाडीच्या आकारावरून. आपल्या गाड्यांना डाव्या बाजूला साडी गार्ड असतो, पुढे लेग गार्ड, त्याला बांधलेली दोरी, टाकीवर कव्हर, त्यावर गजानन महाराजांचा स्टिकर, इंजिनावर हिंगण्याच्या रस्त्याचा तीन वर्षांचा चिखल. ॲप गाडीच ओळखेना. क्रोमवर ऊन चमकलं की बाण बोल्टावरून उडून थेट फुटरेस्टवर जाऊन बसायचा. त्यांचं म्हणणं, कॅमेरा पृष्ठभागावरचे ठिपके, कडा, डाग पकडून जागा लक्षात ठेवतो. सपाट काळं किंवा आरशासारखं चकाकणारं काही समोर आलं की त्याला धरायला काही सापडत नाही. मी म्हटलं, मग खडूने खुणा करा. केल्या. साध्या पांढऱ्या खडूने क्रँककेसवर चार फुल्या मारल्यावर बाण जागेवर राहू लागला. बारकावा लिहून ठेवतो, कुणाच्या कामी येईल.

दुसरं, हात. गाडीच्या कामाला दोन्ही हात लागतात, आणि ते ऑइलचे असतात. 'पुढे' दाबायला ग्रीसचं बोट पडद्याला लावलं की पडदाही गेला आणि मूडही गेला. जुन्या आरशाची दांडी आणि हँडलचा क्लॅम्प जोडून मी त्यांना फोनचा स्टँड करून दिला. हुकूम तोंडाने द्यायचा ठरलं, तर ॲपला 'पुढील चरण' म्हणावं लागायचं. गाडीखाली आडवा पडलेला माणूस 'पुढील चरण' म्हणतो का? तो म्हणतो, "हं, समोर." ते शब्द टाकून घेतले. तसंच 'ड्राइव्ह चेनमधील शिथिलता तपासा' काढून 'चेन किती ढिली आहे ते बघा' केलं. मेच्या दुपारी पत्र्याखाली फोन इतका तापायचा की कॅमेरा आपोआप बंद. नागपुरात एप्रिल ते जून हे ॲप सकाळी नऊच्या आत चालेल, असं आपलं मी धरून चाललो आहे.

आता मुद्द्याचं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. त्यानंतर आठ दिवस माझ्या दारात बुडालेल्या गाड्यांची रांग होती. निम्म्या गाड्या पाण्याने बिघडल्या नव्हत्या, पाणी ओसरल्यावर मालकाने मारलेल्या सेल्फने बिघडल्या होत्या. सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टनला ते दाबता येत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग जोर जातो कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनखालच्या दांड्यावर, आणि तो वाकतो. अशा गाडीला चावीसुद्धा लावायची नसते. बॅटरीची वायर काढायची, प्लग काढायचा, प्लगच्या भोकातून पाणी निघेपर्यंत हळूहळू किक मारायची, मग ऑइल सोडायचं. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर नवीन टाकून, थोडं चालवून, पुन्हा सोडायचं. पोट्ट्यांच्या ॲपमध्ये 'गाडी सुरू होत नाही' या दुखण्याखाली पहिली पायरी काय होती? 'सेल्फ स्टार्ट दाबून पाहा.' मी म्हटलं, सगळ्यात आधी प्रश्न विचारा, गाडी पाण्यात होती का? हो म्हटलं तर बाण नको, पडदा लाल करा आणि लिहा, हात लावू नका.

तसंच ब्रेकचं. केबलची ढिलाई, मागच्या ब्रेकचा नट, इथपर्यंत घरी करा. 1 एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना चाक जॅम होऊ न देणारी एबीएस सक्तीची झाली, आणि खालच्यांना एबीएस नसेल तर दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस. अशा गाड्यांच्या डिस्क ब्रेकचं ऑइल घरच्या अंगणात बदलायला शिकवणारा बाण मला मंजूर नाही. लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला की लिव्हर स्पंजसारखा दबतो आणि गाडी थांबत नाही. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. एक पोट्टा म्हणाला, "काका, तुम्हाला गिऱ्हाईक सोडायचं नाही." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. शेवटी तो भाग निघाला, पण त्याला पटलं म्हणून निघाला की प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली म्हणून, कोण जाणे.

पडद्यावर आकडा आला की माणूस त्याला देव मानतो. मे 2024 मध्ये आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते आणि दिवसभर लोकांनी ते एकमेकांना पाठवले. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. बाहेर उभं राहणाऱ्याला कळत होतं की ऊन मरणाचं आहे, पण 56 नाही. बाणाचंही तेच, पडद्यापेक्षा हाताचं ऐकावं.

आता संपादक महोदय, आपल्या वर्तमानपत्रातून मांडावं असं एक. या पोट्ट्यांचा सर्वांत जास्त वेळ कोडिंगमध्ये गेला नाही. कोणत्या बोल्टाला किती टॉर्क, कोणत्या गाडीची चेन किती ढिली ठेवायची, हे शोधण्यात गेला. चेनच्या कव्हरवर स्टिकर असतो, तो दोन वर्षांत धुऊन जातो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात वरवरचं असतं. पूर्ण सर्व्हिस मॅन्युअल आम्हा साध्या गॅरेजवाल्यांच्या हाती पडत नाही, पडलं तर इंग्रजीत. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराचे नवे नियम आल्यापासून तर कार्बोरेटर जवळपास गेलाच, पेट्रोल सोडायचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. काही गाड्यांत तो लांब-आखूड लुकलुकून बिघाडाचा नंबर सांगतो. लुकलुक मोजायला मोबाइलचा कॅमेरा उत्तम आहे, पोरीने ते करूनही दाखवलं. पण त्या नंबरचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि तो आम्हाला सांगणार कोण?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. चांगलं आहे. त्यावर प्रत्येक गाडीचा टॉर्कचा तक्ता, चेनची ढिलाई, ऑइलचं माप आणि दिव्याच्या नंबरांचे अर्थ मराठीत, फुकट, कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवायला कंपन्यांना भाग पाडावं. एका गाडीला दोन पानं पुरतात. ती पानं मिळाली तर ॲप कोणीही बनवेल, आणि ॲप नसलं तरी माझ्या भिंतीवर ती चिकटवता येतील.

आपला,
एक गॅरेजवाला
मानेवाडा रोड, नागपूर

ता. क. चुडी मेलेल्या क्रँककेसला लेथवाल्याकडून मोठे आटे पाडून घेतले. पैसे पोट्ट्यांनी वर्गणी करून दिले, निम्मे मी परत केले, कारण पाना मीच हातात दिला होता. आता त्या बोल्टाला एकोणीसचा पाना लागतो. ॲप अजून सतराचाच दाखवतं.